बर्फाखालच्या म्हाराजाचा दुभाषी

आमच्या सरांनी जन्मात कधी रिक्षावाल्याला ‘डावीकडे घ्या’ असं सांगितलं नाही. ‘डावीकडून जाता येतं, उजवीकडूनही जाता येतं. तुम्हाला काय वाटतं?’ असं ते विचारायचे. अंधेरीच्या रिक्षावाल्याला असा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नसल्यामुळे तो बिचारा रिक्षा कडेला लावून विचारात पडायचा. एकदा साकीनाक्याला मी त्यांच्याबरोबर होते आणि दोन रिक्षावाले एकदम ‘चलो’ म्हणाले. भर संध्याकाळी साकीनाक्याला एक रिक्षा मिळत नाही, तिथे दोन. सर दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत उभे राहिले, आणि दोन्ही रिक्षा गेल्या. आम्ही चालत मरोळला आलो. मी रागाने फणफणत होते. सर मात्र खुशीत होते. म्हणाले, "बरां झालां गो. कोणाचो जीव दुखवलो नाय."

तर असा हा माणूस पोटापाण्यासाठी काय करायचा? निर्णय द्यायचा. सकाळी कामावर आल्यापासून दुपारी डबा उघडेपर्यंत दुसरं कामच नव्हतं त्यांना.

आमची कंपनी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. खाली पत्र्याची झाकणं ठोकणारा कारखाना, शेजारी अगरबत्तीचं गोडाऊन. मी भूगर्भशास्त्र शिकून तिथे लागले तेव्हा मुलुंडला आमच्या आईने शेजाऱ्यांना सांगितलं होतं की पोरगी ज्वालामुखी सांभाळते. ते अगदीच खोटं नव्हतं. दूर उत्तरेकडच्या एका थंडगार देशात एक ज्वालामुखी आहे, डोक्यावर जाडजूड बर्फ घेऊन बसलेला. त्याच्या अंगावर जमिनीची थरथर टिपणारी यंत्रं लावली आहेत. तिथली वेधशाळेची माणसं झोपलेली असतात तेव्हा इकडे आपली सकाळ झालेली असते, म्हणून त्या यंत्रांच्या रेघा पाहायचं काम त्यांनी आमच्याकडे दिलेलं.

भूकंपाचा धक्का समजायला सोपा. आला, गेला. पण असा डोंगर कधी कधी तासन्‌तास, दिवसेंदिवस नुसता थरथरत राहतो. पडद्यावर रेघ जाड होते आणि तशीच जाड राहते. आत तापलेला रस वर चढत असला तरी रेघ जाड होते. बर्फाखालून वितळलेलं पाणी वाहत असलं तरी होते. बर्फाचा थर सरकत असला तरी होते, आणि बाहेर नुसता वारा सुटला असला तरीही होते. रेघ कशाने जाड झाली ते ओळखायचं, एवढंच काम. आमच्या मालकाने त्यासाठी संगणकावर चार बटणं करून दिली होती: आग, पाणी, बर्फ, वारा. मालक माझ्याच वयाचा, घाटकोपरचा, सतत घाईत. "सर, बटण दाबा ना यार, किती वेळ बघत बसणार?" असं तो दर तासाला येऊन म्हणायचा.

सर बटण दाबायचे नाहीत. त्यांना पाचवं बटण हवं होतं, ‘स्वभाव’ नावाचं.

"काही कारण नसताना थरथरतो तो," ते मालकाला समजावून सांगत. "आमच्या गावात एक म्हातारा होता, बसल्या बसल्या गुरगुरायचा. आजार नाही, राग नाही, काही नाही. स्वभाव. त्याला काय औषध देणार तू?"

"सर, कस्टमरला स्वभाव कसा विकू मी?"

बटण मिळालं नाही. मग सर शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहायला लागले, आणि थोड्या महिन्यांनी वेधशाळेच्या एका अहवालात तो शब्द तसाच्या तसा छापून आला. मालकाने ते पान चौकटीत घालून भिंतीवर लावलं. शेजारी डोंगराचा मोठा रंगीत फोटोही लावला, तर सरांनी खुर्ची फिरवून फोटोकडे पाठ केली. कारण विचारलं तर म्हणाले, "चेहरो बघलंय की मत होता. माका मत नको." इतकी वर्षं ज्याची नाडी धरून बसले त्याचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. पाहायची इच्छाही नव्हती.

सर मूळचे मालवणकडचे, वडील परळच्या गिरणीत होते. स्वतः नाहूरला राहायचे. शिक्षण अगदी रीतसर झालेलं, पण रोज सकाळी पडदा सुरू करण्याआधी ते उभे राहून हात जोडत आणि त्या डोंगराला गाऱ्हाणं घालत. गावच्या देवाला घालतात तसं, खणखणीत आवाजात.

"बा देवा म्हाराजा! बर्फाखाली बसलेल्या म्हाराजा! आज तुझी लेकरां हयसर मरोळात बसान तुझो आवाज आयकतत. काय राग इलो आसात तर आधी सांगान टाक. आणि बोललंस तर स्पष्ट बोल रे म्हाराजा!"

आणि आम्ही सगळ्यांनी एकसुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" न म्हणणाऱ्याला त्या दिवशी रेघ बघायला मिळत नसे. मी पहिल्या आठवड्यात तोंड वाकडं केलं होतं, महिन्याभरात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. पलीकडे पडद्यावर वेधशाळेतला ड्यूटीवरचा तरुण असायचा, झोपायला निघालेला. त्याला वाटलं, कामाचा ताबा देताना भारतात असंच म्हणतात. तोही जांभई देत देत "व्हय म्हाराजा" म्हणायचा आणि मगच उठायचा. त्याचा गैरसमज दूर करावा असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

डोंगरावरच्या तीन यंत्रांना सर थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. थोरली अगदी वर, बर्फाच्या कडेला. मधली उतारावर, पायवाटेजवळ. धाकटी खाली नदीकाठी, पुलाशी. पुलाच्या जरा वर, नदीच्याच काठाला, डोंगर चढायला येणाऱ्या लोकांसाठी एक विश्रामगृह होतं, आणि ते सांभाळणारी एक वयस्क बाई. यंत्रांवरचा बर्फ झाडणं, बॅटऱ्या बदलणं हे तिच्याकडेच. त्यासाठी आमच्याकडून रोज तिला एक फोन जायचा. सर तो स्वतः करत. त्यांचं इंग्रजी मालवणी चालीवर चालायचं आणि तिला इंग्रजी बेताचंच, त्यामुळे दोघांचं उत्तम जमायचं. नदीच्या पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास येतोय का, कुत्रं ते पाणी पितंय का, हे प्रश्न ठरलेले. बर्फाखालून डोंगराच्या पोटातलं पाणी झिरपायला लागलं की तसा वास येतो म्हणे. मग ती विचारायची, "आज डोंगराचं काय म्हणणं?" आणि सर रोज सांगायचे, "अजून काही सांगता येत नाही." इतक्या वर्षांत त्यांनी तिला दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं. मला वाटायचं, ही बाई एक दिवस वैतागून फोन आपटणार.

घरी तरी सर गप्प बसतील, तर तेही नाही. नाहूरच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये पाण्याची बोंब होती. वरची टाकी भरलेली असायची आणि दुपारपर्यंत रिकामी. सेक्रेटरी सरच. त्यांनी कंपनीतलं एक जुनं यंत्र मागून घेतलं आणि जिन्याखाली, पाण्याच्या पाइपाजवळ जमिनीत बसवलं. नळ कुणाचा गळतो ते शोधायला. आठवडाभर रेघा पाहिल्या आणि सोसायटीच्या सभेत निकाल वाचून दाखवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एवढं ठाम बोलताना पाहिलं असं त्यांच्या बायको, आमच्या वहिनी, मला सांगत होत्या, आणि तेच नडलं. नळ राहिला बाजूला. पहिल्या मजल्यावर मिक्सर दिवसातून किती वेळा चालतो, तिसऱ्या मजल्यावर कोण दुपारी नाचतं, हे सगळं त्यांनी निरागसपणे सांगून टाकलं. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ रोज पहाटे शंभर दोरीच्या उड्या मारतो असं सगळ्यांना सांगायचे. सर म्हणाले, "ह्यांच्याकडे उड्यांची नोंद नाही. खुर्ची सरकल्याची आहे." त्या गृहस्थांच्या बायकोने भर सभेत नवऱ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर सभा संपलीच. दुसऱ्या दिवशी यंत्र उपटून सरांच्या दारात ठेवलेलं होतं.

सरांना त्याचं दुःख नव्हतं. "एक शिकलंय," ते मला म्हणाले. "पाणी पाइपातून खाली येता ना, तेव्हा आधी वरचो मजलो वाजता, मग त्याच्या खालचो, मग त्याच्या खालचो. आणि खालचो वाजाक लागलो म्हणान वरचो गप होणा नाय. आवाज कोणाचो ता इचारू नये गो. तो खयसून खय चल्लो, ता इचारूचा." आवाज कुठून कुठे सरकतो ते बघायचं म्हणे. मी "हो सर" म्हटलं आणि डबा उघडला. सोसायटीच्या पाइपात मला काडीचा रस नव्हता.

आणि मग तो श्रावणी सोमवार आला.

आम्ही गाऱ्हाणं घालायला उभे राहिलो तर पडद्यावरचा तो तरुण जांभई देत नव्हता. थोरलीची रेघ जाड झाली होती. नेहमीसारखी नव्हे, पडदा भरून. तिथे पहाट होती, उन्हाळ्यातली, उजेड पडलेला. विश्रामगृह डोंगर चढायला आलेल्या माणसांनी भरलेलं, त्यात लहान मुलंही. वेधशाळेतल्या मोठ्या लोकांना उठवलं होतं आणि त्यांचं मत आग असं पडलं होतं. डोंगर फुटणार.

आता त्या जागेची गोम अशी होती. विश्रामगृहातून बाहेर पडायला एकच रस्ता, नदीच्या कडेकडेने खाली जाणारा, आणि पुढे एकच पूल. डोंगर फुटणार असेल तर सगळ्यांना गाड्यांत घालून त्या पुलावरून लवकरात लवकर लांब काढायला हवं. पण बर्फाखाली साठलेलं पाणी सुटलं असेल, तर ते पहिल्यांदा तोच रस्ता आणि तोच पूल खाणार. मग गाड्या सोडून, मागच्या कड्यावर चढून बसायला हवं. आग असेल तर खाली, पाणी असेल तर वर. उत्तर चुकलं तर माणसं आपल्या पायांनी मरणाच्या तोंडात जाणार होती.

तो तरुण म्हणाला, "आम्ही खाली उतरायचा हुकूम काढतोय. पण ह्या डोंगराला तुमच्याइतकं कुणी ऐकलेलं नाही. चहा होईल एवढा वेळ देऊ शकतो. आग की पाणी, सांगा."

सरांनी आधी बाईंना फोन लावला. वास? नाही. कुत्रं? पितंय. नदी रोजच्यासारखीच. म्हणजे पाण्याच्या बाजूने एकही साक्षीदार नाही. फोन तसाच चालू ठेवून सर पडद्यासमोर बसले. त्यांच्या हनुवटीला घाम सुटला होता. मालक मागे उभा राहून नखं खात होता. माझा संयम सुटला.

"सर, बोला ना! तिकडे पोरं आहेत यार!"

"थांब गो. मधली काय म्हणता बघूया."

मधली गप्प होती. गप्प होती आणि मग तिची रेघ हळूच जाड व्हायला लागली. थोरली तशीच वाजत होती. सरांनी खिशातून स्वतःचा मोबाइल काढला आणि नाहूरला, घरी फोन लावला. मला वाटलं, गेलं, डोकं फिरलं ह्यांचं.

"गो, गच्चीवरच्या टाकीचो व्हॉल्व्ह सोड. पूर्ण सोड. आणि फोन जिन्यातल्या पाइपाक लावून धर."

स्पीकरवर वहिनींचा आवाज साऱ्या ऑफिसने ऐकला. "तुमच्या त्या डोंगरापायी माझी टाकी खाली करू? सोमवार हा आज, उपासाची भांडी पडली हत!"

"सोड म्हणतंय ना!" सर ओरडले. त्यांना ओरडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. वहिनींनीही बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण पुढचं काही न बोलता त्या जिना चढायला लागल्या. मग व्हॉल्व्ह करकरला आणि पाइपातून पाणी घरंगळत खाली आलं. सरांनी डोळे मिटून मोबाइल कानाशी धरला. दुसऱ्या हाताचं एक बोट थोरलीच्या रेघेवर, एक मधलीच्या. पलीकडे वेधशाळेतला तो तरुण तोंड उघडं टाकून हा प्रकार बघत होता. एका जागतिक दर्जाच्या संस्थेचा हुकूम नाहूरच्या एका टाकीसाठी थांबला होता.

सरांनी डोळे उघडले. "चल्ला," ते मला म्हणाले. "खाली चल्ला. आग असती तर जाग्यावर वाजली असती." मग पडद्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "पाणी."

"खात्री आहे?" त्या तरुणाने विचारलं.

"नाही. पण पाणीच."

आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी बाईंचा चालू फोन उचलला. "बाई, गाड्यांना हात लावू नका. पूल विसरा. सगळ्यांना घ्या आणि मागच्या कड्यावर चढा. आत्ताच्या आत्ता."

 पलीकडे कुत्र्याचं भुंकणं, दारं आपटल्याचे आवाज, आणि तिच्या भाषेत तिने दिलेली एक जोरदार हाक. तिला वेधशाळेकडून आग असल्याची सूचना आधीच गेलेली होती हे आम्हाला नंतर समजलं. तरी तिने आमच्या सरांचं का ऐकलं, असं मी तिला पुढे एकदा विचारलं. ती म्हणाली, "इतक्या वर्षांत ह्या माणसाने मला एकदाही काही सांगितलं नव्हतं. मग त्या दिवशी सांगितलं, तर काय करायचं होतं मी?"

वेधशाळेतला तरुण आपल्या साहेबांशी बराच वेळ हुज्जत घालत होता. शेवटी तो आमच्याकडे वळला, त्याचा चेहरा पांढराफटक होता. "हुकूम बदलला," तो म्हणाला, आणि हळूच पुढे म्हणाला, "व्हय म्हाराजा."

सर धाकटीच्या रेघेकडे बघत बसले. आग निघाली असती तर त्या कड्यावर, फुटणाऱ्या डोंगराच्या अंगाखांद्यावर, त्यांनीच त्या पोरांना चढवलेलं असतं. मी त्यांना पाणी दिलं तर त्यांनी पेल्याकडे असं पाहिलं की मी तो उचलून बाजूला ठेवला.

थोड्या वेळाने धाकटीची रेघ जाड झाली, मग पिसाळल्यासारखी वर-खाली झाली, आणि मग सरळ. एकदम सरळ. यंत्र वाहून गेलं होतं, त्याच्यासोबत पूल, रस्ता आणि उभ्या गाड्या. मालकाने आनंदाने माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी वाकली. सर उठले, बाथरूममध्ये गेले आणि डोक्यावरून बादलीभर पाणी घेऊन कपड्यांसकट निथळत बाहेर आले. "धाकटी गेली," ते म्हणाले. मग ओल्या अंगानेच खुर्चीवर बसले. खालच्या कारखान्यातला माणूस वर आला, छतातून पाणी गळतंय म्हणून भांडायला. त्याला मालकाने जिन्यातूनच परत पाठवलं.

पण गोष्ट संपली नव्हती. माणसं कड्यावर, धुक्यात, गारठ्यात. त्यांना खाली आणायचं कधी? दुसऱ्या दिवशी सकाळी वेधशाळा म्हणाली, पाणी ओसरलं, विश्रामगृह कोरडं राहिलंय, उतरा. बाईंनी साफ सांगितलं, मुंबईचा माणूस म्हणेल तेव्हा. चढताना तिचा पाय मुरगळला होता, फोनची बॅटरीही संपत आली होती. आणि मुंबईचा माणूस पुन्हा पहिल्यासारखा झाला होता.

"थोरली अजून बोलता," सर म्हणत.

"सर, थंडीने मरतील ती माणसं."

"माका कळता गो. कळता म्हणानच."

ते जेवले नाहीत, उठले नाहीत. मी चिडले, हात जोडले. दुपार कलली तेव्हा थोरलीची रेघ बारीक होत होत दोऱ्यासारखी झाली. सरांनी फोन उचलला आणि एकच शब्द बोलले, "या." तेवढ्यात तिकडची बॅटरी संपली. तो शब्द तिला ऐकू गेला की नाही, हेही आम्हाला कळलं नाही.

कड्यावरून उतरायची वाट मधलीजवळून जायची. आम्ही तिघंही तिच्या रेघेकडे डोळे लावून बसलो. बऱ्याच वेळाने त्या सपाट रेघेवर बारीक बारीक टोचे उमटायला लागले. मला ते काय ते कळेना.

"पावलां," सर म्हणाले.  "हीं पोरां. धावतत बघ मेलीं. हो जड माणूस, पाठीवर वझां. हां कुत्रां." टोचे आले, दाट झाले, विरळ झाले, थांबले. रेघ पुन्हा सपाट झाली.

"आले सगळे!" मालक म्हणाला.

"बाई खंय?" सर म्हणाले.

 खाली पत्र्यावर घाव पडत होते. सर रेघेत नाक खुपसून बसले होते, आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या ओठांची लहान मुलासारखी हालचाल होत होती. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जी माया वाटली ती माझ्या बापाबद्दलही कधी वाटली नव्हती.

मग रेघेवर एक टोचा आला. जरा थांबून दुसरा, पहिल्यापेक्षा हलका. पुन्हा एक जड, एक हलका. एक जड, एक हलका.

"इली," सर म्हणाले आणि टेबलावर डोकं ठेवून मोठ्याने रडायला लागले. मी त्या टोच्यांवर बोट ठेवलं आणि पडद्याच्या कडेपर्यंत तिच्याबरोबर हळूहळू चालत गेले.